दोनाचे तीन करण्याआधी

‘आणखी एक गिनीपिग आणू का?’ हा प्रश्न दोन अगदी वेगळ्या घरांतून येतो. एका घरात एकुलता एक गिनीपिग असतो. भाजीच्या पिशवीची सळसळ ऐकू आली की तो उंच स्वरात शिट्टी घालतो आणि उरलेला दिवस कोपऱ्यात बसून काढतो. घरच्यांना त्याची कणव येते. दुसऱ्या घरात दोघं असतात, मजेत असतात, आणि त्यांचा लळा इतका लागलेला असतो की तिसरा आणावासा वाटतो. प्रश्न तोच, पण उत्तर एक नाही. एकाचे दोन करणं ही त्या प्राण्याची गरज आहे. दोनाचे तीन करणं ही बहुतेक वेळा आपली हौस असते. हौस वाईट नाही, पण ती पुरवण्याआधी प्राण्याच्या बाजूने हिशोब मांडायला हवा.

गिनीपिगचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पट्ट्यात. त्याचे रानटी भाऊबंद आजही तिथल्या गवताळ भागात राहतात. उंच गवतातून ये-जा करून त्यांच्या बारीक पायवाटा पडलेल्या असतात, आणि त्यांवरून एखादा नर, एक-दोन माद्या आणि पिल्लं असा छोटा कुटुंबकबिला चरत फिरतो. या प्राण्याला ना शिंगं, ना विष. बचावाचा उपाय एवढाच की कुणीतरी चाहूल आधी टिपावी आणि सगळ्यांनी दडावं. सोबतीला जितके कान जास्त, तितकं प्रत्येकाला निवांत चरता येतं. एकटं राहिलेल्या गिनीपिगला पहारा आणि पोट दोन्ही एकट्यानेच सांभाळावं लागतं. आपल्या घरात ससाणा येणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नाही.

काही हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी या प्राण्याला माणसाळवलं, तेही मुख्यतः खाण्यासाठी. थोड्या जागेत बरेच प्राणी ठेवायचे म्हटल्यावर भांडखोर मागे पडत गेले असणार आणि सोबतीत रमणारे टिकले असणार. या बदलाचा माग जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठाचे वर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. रानटी आणि पाळीव अशा दोन्ही जाती शेजारी-शेजारी पाळून पाहिल्या, तेव्हा पाळीव गिनीपिग कमी भांडणारे, एकमेकांना जास्त बिलगणारे आणि नव्या प्रसंगाला कमी बिचकणारे निघाले. म्हणजे आपल्या पिंजऱ्यातला प्राणी रानातल्या पूर्वजापेक्षाही जास्त संगतप्रिय आहे.

याच गटाचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गिनीपिग नराला अनोळखी, रिकाम्या पिंजऱ्यात एकटं ठेवलं की त्याच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, झपाट्याने वाढतं. मग त्याच नराला तशाच पिंजऱ्यात एखाद्या मादीबरोबर ठेवलं. मादी परकी असेल, तर ताण जवळपास तसाच राहिला. मादी त्याच्याच कळपातली, नुसती तोंडओळखीची असेल, तरी फारसा फरक पडला नाही. मात्र ज्या मादीशी त्याचं खरोखर जमलेलं होतं ती शेजारी असली की कॉर्टिसॉलची वाढ ठळकपणे कमी झाली. सोबत म्हणजे नुसती हजेरी नव्हे, जडलेलं नातं, हे इथे रक्ताच्या थेंबात मोजलं गेलं.

हा निष्कर्ष दोन्ही घरांना लागू पडतो. एकट्या गिनीपिगच्या घराला तो सांगतो की सोबत द्याच. माणूस ती जागा भरून काढू शकत नाही, कितीही जीव लावला तरी. गिनीपिग दिवसा आणि रात्रीही थोडं झोपतो, थोडं खातो, पुन्हा झोपतो, आणि त्या चोवीस तासांतले आपण त्याच्या वाट्याला येतो ते दोन-तीन. सशाची सोबतही चालत नाही. सशाच्या मागच्या पायाची लाथ गिनीपिगला जबर दुखापत करू शकते, शिवाय बोर्डेटेला नावाचे जिवाणू ससा स्वतः आजारी न पडता अंगावर बाळगतो आणि गिनीपिगला त्यांनी न्यूमोनिया होतो. स्वित्झर्लंडने २००८ साली प्राणिसंरक्षणाच्या नियमांतच लिहून टाकलं की गिनीपिग एकटा ठेवायचा नाही, निदान दोन हवेत. मला तो नियम अगदी योग्य वाटतो.

दोन गिनीपिगच्या घराला मात्र हाच प्रयोग जरा थांबायला सांगतो. त्यांचं एकमेकांशी जमलेलं असेल, तर गरज भागलेली आहे. तिसरा आला की प्राणी एकाने वाढतो, पण नाती एकाने वाढत नाहीत. दोघांत नातं एक, तिघांत तीन, चौघांत सहा, पाच जणांत दहा. यातलं प्रत्येक नातं जुळावं लागतं, आणि एक जरी बिनसलं तरी पिंजरा सगळ्यांचाच असतो. तिघांत जोडी जमून एक जण बाहेर पडतो हे वारंवार दिसतं. तो मार खात नाही, फक्त गवतापाशी सगळ्यांच्या शेवटी पोचतो आणि झोपायला लांबचा कोपरा धरतो. असं असलं की ‘तिघं छान राहतात’ असं सांगणाऱ्या घरातही एक गिनीपिग एकटाच असतो.

नर असतील तर गोष्ट आणखी नाजूक. साक्सर यांनी मोठ्या आवारात कळप वाढू दिले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. संख्या कमी होती तोवर नरांमध्ये सरळ उतरंड होती, एक वरचढ, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. गर्दी वाढली तेव्हा मारामाऱ्या वाढतील असं वाटत होतं, पण झालं उलटंच. कळपाचे पोटगट पडले, प्रत्येक गटाला आपली जागा, आपला वरचढ नर, आपल्या माद्या. आणि बाकीच्यांनी ती नाती मानली. ताणाचं संप्रेरकही वाढलं नाही. पण हे साधलं कुणाला? कळपात वाढलेल्या नरांना. वयात येताना थोरल्या नरांकडून दटावणी खात ते दबायला शिकले होते. त्यांना परक्या कळपात सोडलं तरी ते निभावून नेत. जे नर एकटे किंवा फक्त एका मादीबरोबर वाढले होते, ते परक्या ठिकाणी भांडणं ओढवून घेत आणि त्यांचं वजन घटे.

म्हणून तिसरा नर आणायचा विचार असेल, तर त्याचा रंग आणि केस पाहण्याआधी तो कुणाबरोबर वाढला हे विचारा. दोन नर जन्मभर गुण्यागोविंदाने राहू शकतात. तीन नर, त्यातला एखादा वयात येत असलेला, हा मात्र जुगार आहे, आणि घरच्या पिंजऱ्यात पोटगट पाडायला ना जागा असते ना माद्या. माद्यांचा छोटा गट किंवा माद्यांमध्ये एक खच्ची केलेला नर ही रचना रानातल्या कबिल्याच्या सर्वांत जवळची, आणि बहुतेक वेळा तीच सुखाची ठरते. खच्चीकरणानंतरही काही आठवडे नर पिल्लं देऊ शकतो, तेव्हा पशुवैद्य सांगतील तितके दिवस तो वेगळा ठेवावा लागतो.

लिंग ओळखण्यात होणारी चूक ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक. लहान गिनीपिगमध्ये नर-मादी ओळखणं सरावाशिवाय जमत नाही, आणि ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेली जोडी काही आठवड्यांत पाच-सहा जणांचं कुटुंब झाल्याची उदाहरणं ढिगाने सापडतात. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. एका वेळी साधारण २ ते ४ पिल्लं. ती जन्मतात तीच अंगावर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन. पहिल्याच एक-दोन दिवसांत ती गवत कुरतडू लागतात. नर पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्या आईला, बहिणींना गाभण करू शकतं. आणि मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालेलं नसेल, तर मादीच्या कमरेच्या हाडांचा सांधा घट्ट होत जातो, पुढे पिल्लू अडतं आणि आई दगावू शकते. ‘एकदा घरात पिल्लं पाहू’ म्हणून नर आणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. नवा गिनीपिग आणला की पहिल्या दिवशी, दुसऱ्या गिनीपिगजवळ नेण्याआधी, पशुवैद्याकडून त्याचं लिंग पक्कं करून घ्या.

जागेचं गणित सोपं आहे. दोघांसाठी निदान ७.५ चौरस फूट सलग जमीन हवी आणि १०.५ असेल तर उत्तम, असं जाणकार सांगतात; पुढच्या प्रत्येकासाठी त्यात भर. माळे चढवून ही भर पडत नाही, कारण गिनीपिग चढणारा नाही, धावणारा प्राणी आहे.

खाण्याचं गणितही कागदावर सोपंच. सुकं गवत अखंड हवं, कारण दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. शिवाय रोज ‘क’ जीवनसत्त्व हवं, दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघं बेरीबेरीसारख्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना अनपेक्षितपणे स्कर्व्ही झाला. ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून खुली झाली.

खरी अडचण खाऊ घालण्यात नाही, लक्ष ठेवण्यात आहे. भक्ष्य होणारे प्राणी आजार लपवतात. एकाच ढिगातून चौघं खात असतील, तर कोण खातंय आणि कोण नुसतं तोंड घालून बसलंय हे कळत नाही, आणि गिनीपिगने अर्धा-पाऊण दिवस खाल्लं नाही तरी त्याचं आतडं मंदावून जीव धोक्यात येतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येकाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावं. किती गिनीपिग पाळावेत याची माझी कसोटी हीच: जितक्यांचं वजन तुम्ही वर्षानुवर्षं न चुकता लिहाल, तितकेच. औषधपाण्याचाही विचार आधी करा. गिनीपिगची जाण असलेला पशुवैद्य सगळीकडे मिळत नाही, आणि इतर प्राण्यांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन पोटात गेलं, तर त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून गिनीपिग दगावू शकतो.

तरीही आणायचंच ठरलं, तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, गजकर्ण, छातीचे आजार तेवढ्यात उघडे पडतात. इथे पेच असा की तेवढा काळ तो एकटा पडतो. त्यामुळे तिसरा एकटा आणण्यापेक्षा आधीच जमलेली दोन माद्यांची जोडी आणणं मला कधीकधी बरं वाटतं. नाती सहा होतात खरी, पण कुणीही सोबतीविना राहत नाही.

भेट घडवताना जागा दोन्ही पक्षांना परकी हवी, गवताचे ढीग तीन-चार, लपायच्या जागांना दोन दारं. पाठलाग, अंगावर चढणं, कंबर डोलवत केलेली घुरघुर हे सगळं चालू द्या. उतरंड अशीच ठरते. दात कडकडताहेत, मानेवरचे केस उभे आहेत आणि दोघं तोंडासमोर तोंड आणून ताठ उभे आहेत, तर सावध व्हा. रक्त निघालं तर मध्ये जाड टॉवेल टाकून वेगळं करा, उघडा हात घालू नका.

आमच्याकडे दोन माद्या होत्या, खारी आणि भुरी. भुरी सहाव्या वर्षी गेली. खारीचं वजन दोन आठवड्यांत साठ ग्रॅमने उतरलं. तिसरी नको असं आम्ही आधीच ठरवलेलं होतं, पण आता प्रश्न दोनाच्या तीनचा नव्हता. पिल्लू आणलं असतं तर काही वर्षांनी ते एकटं पडलं असतं आणि हाच फेरा पुन्हा सुरू झाला असता, म्हणून खारीच्याच वयाची, जोडीदार गमावलेली एक मादी शोधली. पहिले तीन दिवस खारी तिला गवतापाशी फिरकू देत नव्हती. नवव्या दिवशी सकाळी दोघी एकाच ढिगाच्या दोन बाजूंनी खात होत्या, आणि मधलं गवत संपल्यावरही कुणी मागे सरकलं नाही.