आणखी एक हात मारला की झाकलं जातं?

दारं-चौकटींचा ऑईलपेंट बिघडला की हमखास ऐकू येतं, ‘वरून आणखी एक हात मारा, झाकलं जाईल.’ नाही झाकलं जात. गुळगुळीत, चकचकीत थरावर नवा रंग नीट धरत नाही आणि आधीचे ओघळ उलट जास्त उठून दिसतात.

रंग पूर्ण कडक होऊ द्या. पावसाळ्यात याला बराच वेळ लागतो. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ओघळ घासून सपाट करा, चमक घालवा, धूळ पुसा. उघड्या लाकडावर आधी प्रायमर, मगच पातळ हात.

जुन्या घरात मात्र कोरडं घासू नका! घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. वॉटर पेपरने ओलंच घासा, मुलांना लांब ठेवा.