हवामानविषयक निर्णयांतील ग्रामीण लोकसहभाग

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी गावपातळीवर काय करायचे, ते कुठे करायचे आणि त्यावर किती खर्च करायचा, हे ठरवण्यात गावकऱ्यांना प्रत्यक्ष अधिकार असणे म्हणजे हवामानविषयक निर्णयांतील ग्रामीण लोकसहभाग. बंधारे, चराईचे नियम, वनीकरण, पवनचक्क्या, पुरापासून बचाव असे विषय त्यात येतात. आराखडा आधीच पक्का करून सभेत फक्त माना डोलवून घ्यायच्या, याला सहभाग म्हणता येत नाही. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे आणि मत विचारणे या तिच्या मधल्या पायऱ्या आहेत. भागीदारी आणि निर्णयाचा अधिकार त्यांच्या वर येतात. अनेक गावबैठका मधल्या पायऱ्यांवरच थांबतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लोकसहभागाच्या या तत्त्वाला पर्यावरण आणि विकासावरील रिओ जाहीरनाम्याने (१९९२) आणि पर्यावरणविषयक माहिती व निर्णयांत लोकांना वाटा देणाऱ्या आरहूस कराराने (१९९८) आंतरराष्ट्रीय आधार दिला. पॅरिस करारात (२०१५) बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे काम लोकसहभागाने व्हावे आणि त्यात पारंपरिक ज्ञानाचा उपयोग व्हावा, असे म्हटले आहे.

गावाचे म्हणणे समजून घेण्याची एक जुनी, साधी पद्धत म्हणजे जमिनीवरचा नकाशा. मोकळ्या जागेत खडूने ओढा काढतात, खडे मांडून घरे दाखवतात, बिया ठेवून विहिरी दाखवतात. अक्षरओळख नसलेला माणूसही त्यात एखादा खडा उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. पुरुष आणि बायका वेगवेगळे बसले, तर नकाशेही अनेकदा वेगळे निघतात. पुरुषांच्या नकाशात शेतांच्या हद्दी आणि रस्ते ठळक असतात, तर बायकांच्या नकाशात कोणता पाणवठा कधी आटतो आणि सरपणासाठी किती लांब जावे लागते, हे दिसते. बंधाऱ्याची जागा ठरवताना दुसरा नकाशा पाहिलाच नाही, तर काम पुरे होऊनही पाण्यासाठीची पायपीट तशीच राहू शकते.

पैशाचा अधिकार हाती आला की सहभागाचे रूप बदलते. केनियातील इसिओलो या कोरडवाहू, पशुपालक भागात प्रभागनिहाय समित्या नेमून हवामान निधीतून कोणती कामे घ्यायची ते ठरवण्याचे काम त्यांच्याकडे दिले गेले. चराई आणि पाण्याचे नियमन करणाऱ्या ‘देधा’ या बोराना समाजाच्या परंपरागत व्यवस्थेला बळ देण्यासाठीही हा पैसा वापरला गेला. बाहेरून आलेल्या अभियंत्याला हे काम सुचणे अवघडच होते. नेपाळने २०११ मध्ये स्थानिक अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या) आराखड्यांची राष्ट्रीय चौकट स्वीकारली. तिथल्या हवामान धोरणात उपलब्ध निधीपैकी किमान ८० टक्के रक्कम स्थानिक पातळीवर पोहोचवण्याचे उद्दिष्ट होते.

डेन्मार्कचे साम्सो बेट १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेसाठी निवडले गेले. तिथे जमिनीवर उभारलेल्या ११ पवनचक्क्यांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या आणि दोन सहकारी मालकीच्या होत्या. आपल्या मालकीची पवनचक्की डोळ्यांना खुपत नाही, हे तिथे दिसले.

सगळ्यांना बोलावले म्हणजे सगळे येतात असे नाही. भूमिहीन, कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबे, गुरांमागे दूर गेलेले पशुपालक आणि घरकामात अडकलेल्या बायका सभेत सहज वगळल्या जातात. मग जमीनदारांचे म्हणणे हेच ‘गावाचे मत’ म्हणून नोंदले जाते. त्यामुळे सभेची वेळ पेरणी-कापणीचे दिवस टाळून ठेवणे, बायकांची बैठक आधी घेणे, खर्चाचा हिशेब गावाच्या भाषेत फलकावर लावणे अशी वरवर किरकोळ वाटणारी पथ्ये पाळावी लागतात. कामानंतर पंप कोण दुरुस्त करणार आणि त्यासाठी वर्गणी किती, हेही त्याच सभेत ठरावे लागते.