टाइल आणि कार्पेट यांचा दारातला जोड: ग्राहकांसाठी माहिती

बेडरूमला किंवा ऑफिसच्या केबिनला कार्पेट करायचं ठरलं की ग्राहक रंग बघतात, हात फिरवून बघतात, भाव करतात. दारात टाइल आणि कार्पेट यांचा जोड झाकणाऱ्या पट्टीचा विषय निघतो तो कार्पेट अंथरून झाल्यावर. मग दुकानात असेल ती पट्टी आणून ठोकली जाते आणि थोड्याच दिवसांत तिच्याखालून धागे निघायला लागतात. पट्टी बसते शेवटी हे खरं, पण ठरवायची असते आधी. दोन्ही बाजूंची जाडी कळल्याशिवाय ती निवडताच येत नाही, आणि टाइल एकदा बसली की तिकडची जाडी कायमची ठरली.

जोड कुठे यावा?

दार लावलं की जोड फळीखाली लपला पाहिजे. पॅसेजमधून नुसती टाइल दिसावी, खोलीतून नुसतं कार्पेट. आपल्याकडच्या चौकटी चार-पाच इंच रुंद असतात आणि दाराची फळी त्यांच्या मधोमध नसते. आत उघडणारं दार खोलीच्या बाजूच्या खाचेत बसतं. गवंडी मात्र सवयीने टाइल भिंतीच्या बाहेरच्या रेषेत थांबवतो. मग बंद दाराबाहेर दोन-तीन इंच कार्पेट डोकावत राहतं आणि पॅसेज पुसताना ओल्या फडक्याचं पाणी आधी तेच पितं. घरात टाइलचं काम चालू असेल तर आम्हाला तेव्हाच बोलवा. फळी कुठे येते ती रेष आम्ही आखून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

नवीन काम असेल तर टाइलच्या कडेला एल आकाराची पट्टी टाइलबरोबरच बसवून घ्यावी. टाइल 9 मिमी आणि खालचा चिकटवायचा थर 3 मिमी असेल तर पट्टी 12 मिमी उंचीची. कापलेली टाइल उघडी राहिली तर तिची कड टवके उडून खराब होते आणि ते नंतर झाकता येत नाही.

जुन्या टाइलवरच कार्पेट टाकायचं असेल तर

फ्लॅटमध्ये आमची बहुतेक कामं हीच. 8 मिमीचा अंडरले (कार्पेटखाली अंथरायचा मऊ थर) आणि 10 मिमीचं कार्पेट धरलं तर खोली पॅसेजपेक्षा 18 मिमी वर येते, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. घरात वॉकर घेऊन चालणारं कोणी असेल तर एवढी पायरी नको. अशा ठिकाणी आम्ही 4-5 मिमीचा घट्ट अंडरले आणि आखूड लवीचं कार्पेट सुचवतो. पायाला ते थोडं कमी मऊ लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. अंडरले दाराच्या अलीकडेच थांबवला जातो आणि टाइलकडे उतरती रुंद पट्टी लावली जाते.

दारही तपासावं लागतं. फळीखाली साधारण बोटभर फट नसेल तर दार कार्पेटवर घासतं. मग दार उतरवून खालून रंधा मारावा लागतो. सुतार तेवढं करून निघून जातो, पण तासलेली कड कोरी ठेवू नका. तिला रंग किंवा पॉलिश लागलंच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात दार खालून फुगतं.

कार्पेट धरून ठेवतं कोण?

वरून दिसणारी पट्टी नव्हे. काम करते ती आत दडलेली खिळ्यांची पट्टी. साधारण इंचभर रुंद लाकडी पट्टी, तिच्यात टाइलच्या दिशेने कललेले बारीक खिळे. ती टाइलच्या कडेपासून किंचित अंतर सोडून बसते, कार्पेटच्या जाडीपेक्षा जरा कमी. कार्पेट ताणून खिळ्यांवर अडकवायचं, जादा कापायचं आणि उरलेली कड बोथट रुंद छन्नीने त्या फटीत दाबायची. अंतर जास्त झालं तर तिथे खड्डा पडतो, कमी झालं तर कड आत जातच नाही. टाइल आणि लाकडी फ्लोअरिंगमध्ये वापरतात ती टी पट्टी इथे चालत नाही, कारण तिला दात नसतात आणि कार्पेट सुटून येतं. ऑफिसमधल्या 50 बाय 50 सेंमीच्या कार्पेट टाइल्सना मात्र ताणायचं काम नाही. त्या चिकटवतात आणि दारात अख्खा तुकडा येईल अशी आखणी करतात.

ड्रिल मारण्याआधी

बऱ्याच फ्लॅटमध्ये विजेचे पाइप फरशीखालून आणि नेमके दारातून गेलेले असतात. त्यांची खात्री नसेल तर आम्ही स्क्रू मारत नाही, पट्टी चिकटवतो. कोणी 'काही होत नाही साहेब' म्हणत ड्रिल लावायला निघाला तर थांबवा. चिकटवायला आणि फट भरायला न्यूट्रल सिलिकॉनच मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळ आणि संगमरवर दोन्ही खराब करतं.

पट्टी कशाची?

समुद्राजवळच्या घरांत साध्या अॅल्युमिनियमवर खाऱ्या हवेने डाग धरतात. तिथे अॅनोडाइज्ड, म्हणजे वर संरक्षक थर दिलेलं, अॅल्युमिनियम किंवा 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. पितळ सुंदर दिसतं, पण घासायची तयारी हवी. पीव्हीसी आम्ही लावत नाही. आणि पट्टी कोणतीही असो, तिच्यावर ऍसिड नको. बाथरूमची बाटली पुसायच्या पाण्यात ओतायची सवय घरोघरी असते. अॅल्युमिनियम त्याने काळं पडतं, टाइलच्या फटींत भरलेलं ग्राउटही झिजतं.

आम्हाला फोन करण्याआधी

दार लावून खालची फट मोजा, चौकटीची रुंदी मोजा आणि दाराशी मोजपट्टी आडवी ठेवून एक फोटो काढा. त्यावरून अंदाजे खर्च लगेच सांगता येतो. काम झाल्यावर उरलेला कार्पेटचा तुकडा भंगारात देऊ नका. कार्पेट झिजतं ते आधी दारातच आणि दुरुस्तीला त्याच रंगाचा तुकडा पुढे बाजारात मिळेलच असं नाही.