पेटीतला बेडूक आणि पाण्याखालचा रस्ता

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, म्हणून ही बंदी. इंदूरमधली आमची गळ टाकणारी मंडळी हे दोन महिने पेट्या आवरण्यात घालवतात. गंजलेले गळ काढायचे, रिळात तेल सोडायचं, दोरा पालटायचा. आणि याच दिवसांत रामबागेतला माझा भाचा दर वर्षी एकच प्रश्न घेऊन येतो, "मामा, यंदा कोणता ल्यूर घेऊ?" ल्यूर म्हणजे नकली आमिष.

मोबाइलवर बघून बघून त्याला अमेरिकेतल्या बॅस नावाच्या माशाच्या शिकारीची सगळी नावं तोंडपाठ झाली आहेत. टेक्सास रिग, क्रँकबेट, स्पिनरबेट, फ्रॉग, ही सगळी आमिषांची आणि ती बांधायच्या रीतींची नावं. बॅस आपल्या पाण्यात नाही. आपल्याकडे त्या सामानाला लागतो मरळ, इकडचे मासेमार ज्याला सौल म्हणतात. दोघांची कुळं पार वेगळी, पण शिकारीची रीत मिळतीजुळती. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि टप्प्यात आलेल्या जिवावर एका झेपेत तुटून पडायचं. त्यामुळे सामान चालतं. पण ज्या विचारातून ते सामान घडलं तो विचार डबीबरोबर मिळत नाही. आधी 'कोणतं आमिष' असं विचारणारी माणसं पुढे 'मासा कुठे आहे आणि तिथेच का' असं विचारू लागली, त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. भाच्याला मी हे तुकड्यातुकड्यांत सांगत आलो आहे, आता सलग लिहून ठेवतो.

बॅसचं शास्त्रीय नाव एका मोडक्या नमुन्यावरून पडलेलं आहे. १८०२ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्यापुढे जो मासा होता, त्याच्या पाठीवरच्या पराचा मागचा भाग तुटलेला होता. तो सुटा तुकडा म्हणजे वेगळा छोटा पर आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांनी नाव दिलं 'मायक्रोप्टेरस', लहान पराचा. चूक कळली तरी नाव राहिलं. त्या काळी हौशी लोकांत मान होता तो ट्राउटला. बॅसची बाजू हिरिरीने मांडली जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी. १८८१ मध्ये त्यांनी ब्लॅक बॅसवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि आकाराच्या मानाने याच्याइतका झुंजार मासा दुसरा नाही, असं ठासून सांगितलं.

पण हेन्शल यांच्याही आधी एका घड्याळजीने मोठं काम करून ठेवलं होतं. केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत घड्याळाच्या दातेरी चाकांची करामत रिळात बसवली. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेक वेळा फिरते. असं रीळ इंग्लंडमध्ये पूर्वी होऊन गेलं होतं, पण बॅससाठी जिवंत लहान मासा लांब फेकता येईल इतकं हलकं आणि नेमकं रीळ केंटकीत तयार झालं. काठाशी बांधलेला माणूस मोकळा झाला आणि आमिष हव्या त्या जागी जाऊन पडू लागलं. आज आपण ज्याला बेटकास्टर म्हणतो तो त्याच रिळाचा वंशज.

आता आमिषं. माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या डबीत पितळेचा एक स्पून आहे. अंगठ्याच्या पेराएवढा, मधे खोलगट, एका कडेला दातांचे तीन ओरखडे. महूच्या छावणीतून कुणाकडून तरी तो त्यांच्याकडे आला आणि बडवाहजवळ नर्मदेत महाशीरवर त्यांनी तो चालवला. (तेव्हाची गोष्ट वेगळी होती. महाशीर आता इतका कमी झाला आहे की २०११ मध्ये त्याला राज्य मासा घोषित करून जपावं लागतंय.) या स्पूनचं मूळ अमेरिकेतलं. ज्युलिओ ब्युएल या तरुणाच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि बुडताना लकाकणाऱ्या चमच्यावर मासा झडपला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, १८५२ चं पेटंट खरं आहे. त्यानंतर आले लाकडी ल्यूर. मिशिगनमधल्या डोवाजिॲकचे जेम्स हेडन मूळचे मधमाश्या पाळणारे. त्यांनी लाकडाचे बेडूक कोरले आणि त्यातून ल्यूरचा मोठा कारखाना उभा राहिला.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो फिनलंडचा लाउरी रापाला. गरीब कोळी. तळ्यात होडी वल्हवताना तो मोठे मासे लहान माशांच्या थव्यावर कसे पडतात ते बघत बसे. त्याच्या लक्षात आलं की शिकारी मासा थव्यातल्या कुठल्याही माशावर जात नाही, जो किंचित लंगडत, एका अंगाला कलत पोहतोय त्याच्यावर जातो. १९३६ मध्ये त्याने चांभाराची सुरी आणि काचकागद घेऊन बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वार्निशला पैसे नव्हते म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तो मासा पाण्यात लंगडत चालला. खऱ्या माशासारखं दिसणारं आमिष इतरांनीही केलं होतं. रापालाने खऱ्या माशाचं दुखणं घडवलं. १९६२ मध्ये लाइफ साप्ताहिकात त्यावर लेख आला. अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे तो अंक घरोघरी गेला आणि मागणी पुरवता पुरवेना.

तिकडे ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ मध्ये स्वयंपाकघरातल्या शेगडीवर व्हिनाइल शिजवून, खऱ्या गांडुळाचा साचा घेऊन, मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं. पुढे कुणीतरी गळाचं टोक या गांडुळाच्या अंगातच लपवलं आणि पुढे गोळीच्या आकाराचं शिसं लावलं. हाच टेक्सास रिग. टोक बाहेर नसल्यामुळे झुडपात, बुडलेल्या फांद्यांत कुठेही टाका, अडकत नाही. मासा चावला की मऊ प्लॅस्टिक दबतं आणि टोक बाहेर येतं.

इथवर सगळी धडपड आमिषाची होती. जागा मात्र पिढीजात ठरलेल्या असत, आजोबांची जागा नातवाला. ही रीत मोडली ती धरणांमुळे.

१९३३ मध्ये टेनेसी खोऱ्याचं महामंडळ स्थापन झालं आणि १९३६ मध्ये नॉरिस धरण पुरं झालं. त्याच्या पाण्यात लॉयस्टन नावाचं गाव बुडालं. पुढच्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिण भागात अशी कितीतरी मोठी जलाशयं झाली आणि त्यांत बॅस भराभर वाढला. एवढ्या विस्तीर्ण नव्या पाण्यात कुणाच्याही आजोबांची जागा नव्हती. वरून सगळं सारखं दिसायचं. नॉर्थ कॅरोलिनातले बक पेरी हे भौतिकशास्त्र शिकवलेले गृहस्थ. त्यांनी स्पूनप्लग नावाचा धातूचा ल्यूर केला, तो ठरावीक खोलीवर तळाला घासत ओढायचा आणि हाताला काय जाणवतं त्यावरून तळाचा नकाशा मनात मांडायचा. त्यांचं म्हणणं असं की मोठा मासा बहुतेक वेळ खोल पाण्यात राहतो आणि उथळ पाण्याकडे येताना ठरलेल्या वाटांनी येतो. बुडालेला ओढा, जुना रस्ता, टेकाडाची सोंड, या त्या वाटा. मासेमारीच्या भाषेतला 'स्ट्रक्चर' हा शब्द असा रुळला.

हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात २००४ मध्ये हरसूद हे गाव बुडालं. काही वर्षांनी मी तिकडे नावेतून जात होतो तेव्हा नावाड्याने वल्हं थांबवलं, पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "यहाँ बाज़ार था." वर नुसतं राखाडी पाणी. मासा शोधायच्या यंत्रावर तिथली भिंत एक उंचवटा म्हणून दिसेल, आणि उंचवट्याला मासा असतो हेही खरं आहे. लॉयस्टनवर गळ टाकणाऱ्यांतही तिथे घरं असलेली माणसं असणारच.

ते यंत्र १९५७ सालचं. कार्ल लोरन्स आणि त्यांच्या मुलांनी ट्रान्झिस्टरवर चालणारं, होडीत नेता येईल असं सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, हौशी मासेमारांसाठी बनवलं. पाण्यात बुड्या मारून त्यांनी पाहिलं होतं की मासे तळ्यात सगळीकडे पसरलेले नसतात, थोड्या जागी एकवटलेले असतात. दोन वर्षांनी आलेली त्यांची हिरवी पेटी घरोघरी ओळखीची झाली.

आता 'पॅटर्न'. अलाबामातले विमा विकणारे रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सासमधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रत्येकी १०० डॉलर भरून. पुढच्याच वर्षी त्यांनी बॅस मासेमारांची संघटना काढली. या स्पर्धांचा खरा परिणाम बक्षिसांपलीकडचा आहे असं मला वाटतं. परक्या राज्यातल्या अनोळखी तळ्यावर दोन-तीन दिवसांत मासे शोधायचे म्हटल्यावर एखादी चांगली जागा सापडून भागत नाही. ती उद्या रिकामी होते, किंवा तिथे दुसरा येऊन उभा राहतो. मग विचारायचं, मासा लागला ती जागा कशी होती? किती खोल? पाणी गढूळ की स्वच्छ, गार की कोमट? सावलीकडची बाजू की उन्हाची? आणि त्या वर्णनाच्या दुसऱ्या दहा जागा त्याच तळ्यात शोधायच्या. रोलंड मार्टिन यांनी या विचाराला पॅटर्न हे नाव देऊन तो सगळीकडे पोचवला. स्वतः नऊ वेळा वर्षातले सर्वोत्तम मासेमार ठरलेला हा माणूस, त्यामुळे लोकांनी ऐकलं.

१९७२ मध्ये स्कॉट यांनी पकडलेला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा स्पर्धांत आणली, होडीत हवा खेळती असलेली टाकी ठेवून. त्याआधीची पद्धत बघायची तर जॉर्ज पेरी यांचा मासा आठवावा. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्यांनी २२ पौंड ४ औंसांचा बॅस पकडला, जगातला सगळ्यात मोठा. घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते, त्यात काही वावगं नव्हतं. त्या विक्रमाची बरोबरी थेट २ जुलै २००९ ला झाली, जपानमधल्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या हातून.

जपानमध्ये बॅस मुळात नव्हताच. १९२५ मध्ये तो आशी सरोवरात आणून सोडला, तिथून पसरला, आणि आज त्या देशात तो घातक परकी जात म्हणून कायद्याने नोंदलेला आहे. ग्वाटेमालाची कथा याहून वाईट. अतितलान सरोवरात १९५८ च्या सुमारास पर्यटकांसाठी बॅस सोडला. त्याने लहान मासे आणि खेकडे फस्त केले आणि फक्त त्याच सरोवरात राहणारी पाणबुडी पक्ष्याची एक मोठी जात काही दशकांत कायमची संपली. पिल्लंही बॅसच्या तोंडी गेली असं म्हणतात. आपल्या यशवंत सागरावर आणि सिरपूरवर टिबुकल्या दिसतात, त्या याच पक्ष्याच्या कुळातल्या. ही दोन्ही तळी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. 'बॅसची पिल्लं मागवून शेततळ्यात सोडू या का' असं भाच्याच्या एका मित्राने विचारलं, तेव्हा मी त्याला आधी अतितलान सांगितलं आणि मग स्पष्ट नाही म्हटलं.

सामानाबद्दल थोडक्यात. एकदा जागा कळली की सामान जागाच ठरवते. मरळ शिंगाड्याच्या वेलाखाली, कमळाच्या पानांत, काठच्या बेशरमच्या झुडपांच्या बुडात असतो, म्हणून पोकळ अंगाचा रबरी बेडूक, ज्याचे गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात. एवढ्या दाटीतून मासा ओढायला न ताणणारा, विणलेला दोरा आणि कडक रॉड हवा. नायलॉन ताणतं, तोवर मासा वेलांत गुरफटतो. उघड्या पाण्यात क्रँकबेट, म्हणजे ओढला की थरथरत पोहणारा टणक ल्यूर, ओढायचा तर उलट, रॉड लवणारा हवा, नाहीतर बारीक गळ तोंड फाडून सुटतात. पावसानंतर माळव्याच्या काळ्या मातीचं पाणी चहासारखं होतं, तेव्हा रंगाच्या बारकाव्यांपेक्षा थरथर आणि आवाज उपयोगी. गडद रंगाची आकृती त्यातल्या त्यात दिसते. आणि बेडकावर झडप पडली की लगेच झटका द्यायचा नाही. पाणी फुटतं, 'चप्' असा आवाज होतो, बेडूक दिसेनासा होतो. मनात एक, दोन म्हणायचं, दोरा ताठ झाला की मग ओढायचं.

मरळ शोधायला यंत्र लागत नाही. तो वरची हवा घेतो, थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतो, एक बुडबुडा सोडून जातो. यंदा भाच्याला ल्यूर घेऊन दिला नाही. वही दिली आणि ओळखीच्यांच्या तळ्यावर देपालपूरकडे नुसतं बसायला नेलं. जुलैतला रविवार, सकाळी साडेसहा ते आठ, ढगाळ. त्याची नोंद अशी: शिंगाड्याच्या आतल्या कडेला ११ बुडबुडे, बेशरमपाशी ४, उघड्या पाण्यात एकही नाही. खाली दुसऱ्या शाईत त्याने लिहिलंय: पूर्वेच्या कोपऱ्यात लालसर पिल्लांचा गोळा, खाली दोन मोठे मरळ राखण करताना, बंदी उठल्यावरही हा कोपरा सोडायचा.