इंदुरात मानसशास्त्रात बीए: फॉर्म भरायच्या आधी नावं जुळवा

बारावीचा निकाल लागला की आमच्या रामबागेत कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतं, "काकू, यात मानसशास्त्र कुठाय?" सापडणार कसं? पोर्टल हिंदीतलं, तिथे या विषयाचं नाव 'मनोविज्ञान'. घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या पोरांची पहिली ठेच तिथेच लागते.

हे पोर्टल म्हणजे मध्य प्रदेश उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश. देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयांतले बीएचे प्रवेश इथून होतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना मात्र सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती वाट निराळी, तिच्या तारखाही निराळ्या.

पात्रतेत फार काही अडत नाही. बीएसाठी बारावी पास हवी, शाखा कोणतीही चालते. अकरावी-बारावीला हा विषय नव्हता म्हणून कुणी अडवत नाही. नोंदणी करायची, महाविद्यालयं आणि विषय पसंतीक्रमाने भरायचे, मग बारावीच्या टक्क्यांवर जागा मिळते. जागा मिळाली म्हणजे प्रवेश झाला, असं समजून गावाला निघून जाऊ नका. मुदतीत ऑनलाइन फी भरली नाही तर जागा जाते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. शेवटी महाविद्यालय स्तरावरची फेरी असते, तिला सगळे सीएलसी म्हणतात. पण तोवर चांगल्या ठिकाणच्या जागा बहुधा भरलेल्या असतात.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, फोटो, मूल निवासी म्हणजे अधिवासाचा दाखला, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणीतला क्रमांक) आणि आरक्षण किंवा शिष्यवृत्ती हवी असेल तर जात व उत्पन्नाचे दाखले लागतात. सीबीएसईतून किंवा महाराष्ट्र बोर्डातून आलेल्यांना मायग्रेशन, म्हणजे बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्रही लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर शपथपत्र तयार ठेवा.

खरी भानगड नावांची. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची रीत. इथल्या शाळेत मात्र मुलाचं नाव आणि आडनाव लिहून मोकळे होतात, वडिलांसाठी वेगळा रकाना असतो. मग आधारावर तीन शब्द, गुणपत्रिकेवर दोन. समग्रमध्ये काळ्यांचे 'काले' झालेले असतात, कारण हिंदीत ळ नाही. देव आडनाव इंग्रजीत कुणी डीईओ लिहितं, कुणी डीईव्ही. आमच्या शेजारच्या मुलीचे गुण उत्तम होते, पण याच फरकापायी पडताळणी अडकली आणि पहिली फेरी हातची गेली. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचं तिच्याशी जुळवा. आधी आधार दुरुस्त करा, मग समग्रची ई-केवायसी करा, कारण ती आधारावरूनच होते. उलट क्रमाने गेलात तर दोनदा रांग लावाल. आधारातलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग घरी कागदावर लिहूनच केंद्रावर जा. पोर्टलला हवा असतो तो समग्रचा नऊ अंकी सदस्य क्रमांक. आठ अंकी असतो तो कुटुंबाचा.

आणखी एक. आजोबा पुण्याहून किंवा साताऱ्याहून आले, म्हणून जातीचा दाखलाही तिकडचाच जपून ठेवलेला असतो. मध्य प्रदेशात आरक्षणासाठी तो चालत नाही.

आता विषयाची निवड. घाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नव्या शिक्षण धोरणात, जे मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासूनच लागू केलं, एक विषय मेजर म्हणजे मुख्य असतो आणि एक मायनर म्हणजे दुय्यम. मनोविज्ञान मेजर घ्या. पुढे एमएला जाताना बऱ्याच ठिकाणी मेजर काय होतं तेच विचारतात. ज्या महाविद्यालयात तो फक्त मायनर म्हणून मिळतोय, ते घराजवळ आहे एवढ्यासाठी पसंतीक्रमात वर टाकू नका.

"आर्ट्सच तर आहे," असं म्हणणाऱ्या बाबांना आधीच सांगून ठेवा, हा प्रात्यक्षिकांचा विषय आहे. स्मृती, अध्ययन, लक्ष यांवर प्रयोग करायचे, दुसऱ्या कुणाला प्रयोज्य म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो म्हणून बसवायचं, नोंदवही लिहायची. सांख्यिकीही येते. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण गणित सुटलं या आनंदात येणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं. उत्तरं हिंदीत किंवा इंग्रजीत लिहायची. मराठी पुस्तकं समजायला उपयोगी, पण परिभाषा हिंदीचीच पाठ करा.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण हवेत.

नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने करू, असं दोन वहिनींनी यंदा विचारलं. ती सोय आता बंद आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन माध्यमात मानसशास्त्राला नवे प्रवेश देऊ नका, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं आहे. कुणी एजंट 'घरबसल्या डिग्री' म्हणाला तर पैसे देऊ नका.

आणि बीए झालं की दारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. मुलीला तेच व्हायचं असेल, तर हा वर्षांचा आणि फीचा हिशेब पसंतीक्रम भरायच्या आधी घरात एकदा मांडून बघा.