मतदार कार्ड आणि मतदार यादी: मत नेमकं कशावर पडतं?

१९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं. भर उन्हात केंद्रावर जाऊन, हातात कार्ड असूनही मत न देता परत फिरलेली माणसं त्या दिवशी शहरात होती. "कार्ड आहे ना, मग मत का नाही?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

कार्ड फक्त तुम्ही कोण आहात हे दाखवतं. हक्क यादीतल्या नावावर ठरतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२ नुसार, ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तिथे मत देता येत नाही. याउलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तरी आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना दाखवून मतदान करता येतं. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नाव गळतं कसं? बहुतेकदा घर बदलल्यामुळे. महालातलं घर सोडून त्रिमूर्तीनगरात राहायला गेलात, तर तुमचा विधानसभा मतदारसंघ मध्य नागपूरऐवजी दक्षिण-पश्चिम झाला. कार्ड जुनंच पाकिटात राहतं. इकडे जुन्या पत्त्यावर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारे बूथ पातळीवरचे अधिकारी, चौकशीला येतात, तिथे तुम्ही राहत नाही असं कळतं आणि नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. नव्या घरी गेल्यावर गॅस आणि वीजबिलाचा पत्ता आपण आठवणीने बदलतो, मतदार यादीचा राहून जातो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणि लग्नानंतर दुसऱ्या भागात आलेल्या बायकांना याचा फटका जास्त बसतो, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. प्रौढ मताधिकाराची मागणी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे केली होती. संविधानाच्या कलम ३२६ ने तो हक्क सगळ्यांना दिला, आणि आज तो एका न भरलेल्या अर्जापायी हातचा जातो.

थोड्या नावांनी काय फरक पडतो, असं म्हणू नका. २०१९ च्या विधानसभेत दक्षिण नागपूरची जागा चार हजारांच्या आसपास मतांनी ठरली. एवढे मतदार तर शहरातल्या चार-पाच बूथवरच असतात.

आता अर्जांचं. पहिल्यांदा नाव नोंदवायचं असेल किंवा नाव पूर्ण वगळलं गेलं असेल तर फॉर्म ६. पत्ता बदलला असेल, तपशील चुकला असेल किंवा कार्ड हरवलं असेल तर फॉर्म ८. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, म्हणून स्थलांतराला फॉर्म ८ च भरा. १९५० वर फोन करून किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर यादीतलं नाव तपासता येतं. हे निवडणूक जाहीर होण्याआधीच करून घ्या, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावं घेतली जात नाहीत.