व्हेनोना की मित्रोखिन? आधी ठरवा, मग हवाला द्या
शीतयुद्धातल्या हेरगिरीवर कुणी लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं: ‘केजीबीच्या कागदपत्रांतून हे सिद्ध झालंय.’ कुठले कागद, ते मात्र सांगत नाहीत. उकरून पाहावं तर व्हेनोना आणि मित्रोखिन यांची खिचडी निघते.

मित्रोखिन आपल्याला ठाऊक आहे. २००५ साली त्याच्या टिपणांवरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडातल्या भारताविषयीच्या प्रकरणांनी इथे गदारोळ केला होता. केजीबीचा हा दफ्तरदार फाइलींवरून गुपचूप टिपणं काढायचा, डाचाच्या, म्हणजे गावाबाहेरच्या घराच्या, जमिनीखाली लपवायचा आणि १९९२ मध्ये ती घेऊन ब्रिटनला आला. व्हेनोना म्हणजे सोव्हिएत हेरांनी धाडलेल्या सांकेतिक तारा, टेलिग्राम. अमेरिकी लष्कराने त्या १९४३ पासून फोडायला घेतल्या. संदेश सांकेतिक करायच्या, एकदाच वापरायच्या किल्लीची पानं रशियनांनी १९४२ च्या युद्धधामधुमीत दोनदा छापली, म्हणून ते साधलं. १९९५ पासून हे जाहीर होऊ लागलं.

आता खरी मेख. मोडी कागद हाती आला की जाणकार आधी विचारतो, अस्सल की नक्कल? इथे हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो, एकदा मजकुराबद्दल आणि एकदा नावाबद्दल.

व्हेनोनातला मजकूर त्या दिवशी धाडलेल्या तारेचा. नाव मात्र टोपणनाव, आणि ते कुणाचं हे अमेरिकनांनी नंतर ठरवलेलं. ३० मार्च १९४५ ची वॉशिंग्टनहून मॉस्कोला गेलेली १८२२ क्रमांकाची तार पाहा. तिच्यात ‘एलेस’ आहे; तळटीप म्हणते, ‘बहुधा अल्जर हिस’, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्यातला अधिकारी. त्या अनुवादावर तारीख आहे ८ ऑगस्ट १९६९. तार रशियनांची, तळटीप अमेरिकनांची, मध्ये चोवीस वर्षं. आणि उद्धृत करणारे नेमका ‘बहुधा’ गाळतात! सगळ्याच ओळखी इतक्या लटपटीत नाहीत, हेही खरं. १९४४ च्या एका तारेत ‘लिबरल’च्या बायकोचं नाव एथेल, वय २९, लग्नाला पाच वर्षं, असं उघडच लिहिलंय. अणुहेरगिरीच्या खटल्यातल्या ज्युलियस रोझेनबर्गच्या बायकोचं नाव एथेलच. मग लिबरल म्हणजे तोच हे मानायला फार ताण पडत नाही.

मित्रोखिनचं उलटं. त्याच्याकडे खरी नावं पुष्कळदा थेट सापडतात, पण मूळ फाइल मॉस्कोत कुलुपात. केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात २०१४ पासून खुल्या झाल्या त्या त्याच्या टिपणांच्या टंकलिखित प्रती, केजीबीच्या फाइली नव्हेत. त्याने काय गाळलं, कुठे आटोपतं घेतलं, ते पडताळता येत नाही.

मला विचाराल तर मी व्हेनोनाला झुकतं माप देतो. तिथे न फुटलेला भाग ‘इतके (सांकेतिक अंकांचे) गट उलगडले नाहीत’ म्हणून कागदावरच दिसतो. टिपणातली गाळलेली जागा दिसतच नाही. म्हणून मित्रोखिनचा हवाला देताना ‘मित्रोखिनच्या टिपणानुसार’ एवढंच लिहावं. भारतावरच्या त्या प्रकरणांबद्दल लिहितानाही.